लाईट गेली तर? नागपूरच्या एका शाळेत बांधलेलं कक्षेतलं घर

नागपुरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववीच्या मुलामुलींच्या गटाने विज्ञान प्रदर्शनासाठी एक विषय घेतला: अंतराळवीर पृथ्वीभोवती फिरताना राहतात कुठे? मी त्या गटाचा मार्गदर्शक शिक्षक होतो. मुलांनी जे दाखवायचं ठरवलं होतं ते एका पाहुण्या बाईंच्या प्रश्नाने प्रदर्शन चालू असतानाच बदललं, आणि बदललेलं प्रदर्शन आधीच्यापेक्षा चांगलं निघालं. हा विषय आपल्या वर्गात घेऊ पाहणाऱ्यांना त्या बदलाची गोष्ट उपयोगी पडेल, म्हणून ती सविस्तर मांडतो आहे.

विषय कुठून आला

२०२५च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले. २५ जूनला उड्डाण, २६ला स्थानकाशी जोडणी, १५ जुलैला परत. तिथे जाणारे ते पहिले भारतीय. मुलांना हे सगळं पाठ होतं. त्यांनी सोबत गाजर हलवा, मूग डाळीचा हलवा आणि आमरस नेला हेही माहीत होतं. संत्रा बर्फी का नेली नाही यावर वर्गात बराच वेळ गेला, तो इथे सोडून देतो.

पण ‘शुक्ला तिथे राहिले ती जागा काढा’ म्हटलं, तर बहुतेकांनी रॉकेट काढलं. काहींनी यान काढून त्याला खिडक्या दिल्या. याचा अर्थ, ज्या गाडीने गेले त्याच गाडीत राहिले, अशी समजूत. ही समजूत फक्त मुलांची नाही. पालकसभेत विचारलं तेव्हा मोठ्यांकडूनही तेच उत्तर आलं. प्रत्यक्षात त्यांचं ‘ग्रेस’ नावाचं ड्रॅगन यान स्थानकाला जोडून उभं होतं, परतीच्या प्रवासासाठी आणि काही बिनसलं तर पळ काढण्यासाठी. राहणं, झोपणं, काम करणं हे सगळं स्थानकात. १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले तेव्हाही असंच होतं. सोयूझ यानातून प्रवास आणि आठवडाभराचा मुक्काम सॅल्यूट ७ या सोव्हिएत स्थानकात.

मुलांची पहिली योजना ठरलेली होती: टेबलावर मावेल अशी थर्माकोलची प्रतिकृती, चांदीचा कागद, सोनेरी बेगड, दोन एलईडी. अशी प्रतिकृती दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शाळेची असतेच. माझा आक्षेप वेगळा होता. स्थानक बाहेरून पाहिलं की डोळ्यात भरतात ते सौर पंख. एकेक पंख सुमारे ३५ मीटर लांब, असे आठ. पूर्ण सांगाडा १०९ मीटरचा. माणसं राहतात ती मधली नळकांडी या पसाऱ्यात लक्षातही येत नाहीत. म्हणजे घर दाखवायचं म्हणून आपण लोकांना गच्चीवरचे सौर पॅनेलच दाखवणार.

मग आतल्या जागेचा हिशेब काढायला सांगितला. गटातल्या एका मुलीचे वडील बांधकामाच्या साईटवर सुपरवायझर आहेत, त्यामुळे तिला घनमीटर कळण्याआधी चौरस फूट कळतात. स्थानकात माणसांना वावरायला मोकळी असलेली जागा सुमारे ३८८ घनमीटर, म्हणजे १३,७०० घनफूट. तिने दहा फूट उंचीचं छत धरलं आणि सांगून टाकलं, “सर, साडेतेराशे-चौदाशे स्क्वेअर फुटाचा फ्लॅट झाला. थ्री बीएचके!” बहुतेक वेळा त्यात सात माणसं राहतात. शुक्ला तिथे असताना अकरा होती. एक फरक मात्र तिच्या लगेच लक्षात आला. आपण फ्लॅटची फक्त फरशी वापरतो. तिथे भिंती, छत, फरशी सगळ्यावर सामान लावता येतं आणि चारही बाजूंना काम करता येतं.

हा हिशेब झाल्यावर टेबलावरची प्रतिकृती आपोआप मागे पडली. ठरलं असं की एका माणसाची झोपायची खोली खऱ्या मापाची बांधायची आणि लोकांना तिच्यात उभं करायचं.

खोली

हार्मनी नावाच्या भागात अशा चार खोल्या आहेत. झ्वेझ्दा या रशियन भागात दोन, आणि त्यांना छोटी खिडकीही आहे. पुढे आणखी काही ठिकाणी सोय झाली. पाहुणे जास्त झाले, तर मोकळी भिंत पाहून झोपायची पिशवी बांधायची, झालं. हार्मनीतल्या एका खोलीचं घनफळ साधारण २.१ घनमीटर. मुलांनी आपल्या सोयीने उंची दोन मीटर, रुंदी एक मीटर आणि आतलं अंतर एक मीटर पाच सेंटिमीटर धरलं. बर्डीवरच्या एका दुकानातून फ्रिजची रिकामी खोकी आणली, पीव्हीसी पाइपची चौकट केली आणि आतून पांढरा कागद लावला. एका आईने जुन्या सोलापुरी चादरीची झोपायची पिशवी शिवून दिली, हात बाहेर काढायला दोन भोकांसकट. ती भिंतीला उभी बांधली. वेल्क्रोच्या पट्ट्या, पुठ्ठ्याचा लॅपटॉप, घरच्यांचा फोटो, एक छोटा दिवा. फोटोत छताजवळ जाळी दिसते म्हणून एका मुलाने तिथे गोल भोक कापून त्यावर पिठाच्या चाळणीची जाळी बसवली. ती कशासाठी असते हे तेव्हा कोणीच विचारलं नाही.

पहिल्या सकाळी रांग लागली. लोक आत उभे राहायचे, पिशवीत हात घालायचे, फोटो काढायचे. प्रश्न ओळखीचेच.

“पलंग कुठाय?”

“उशी नाई लागत का?”

लागत नाही. डोकं कशावर टेकतच नाही, तर उशी कशाला? झोपेत हात आपोआप पुढे तरंगतात, म्हणून पिशवीत नीट कोंबून झोपायचं. एका आजोबांनी फार वेळ विचार करून विचारलं, “चार खोल्या चार बाजूंनी म्हणता, मंग एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाकडे नाही होत?” होतं ना. एकाच्या खोलीचं दार फरशीत, दुसऱ्याचं छतात. तिथे फरशी आणि छत ही नावं फक्त सांगायच्या सोयीची आहेत. हे ऐकून आजोबा खूश होऊन गेले.

लहान पोरांना एकच प्रश्न: संडास. त्याचं उत्तर मुलांनी चांगलं तयार केलं होतं. खालून हवा ओढून घेणारी व्यवस्था असते, त्यामुळे काही तरंगत नाही. लघवीसाठी वेगळी नळी आणि फनेल. आंघोळ म्हणजे ओलं फडकं, साबणाचं थोडं पाणी, आणि केसांना न धुता वापरायचा शांपू. कपडे धुतच नाहीत. घालून घालून मळले की सामान आणणाऱ्या रिकाम्या यानात कचऱ्याबरोबर भरायचे, ते यान वातावरणात शिरताना जळून जातं. गटातल्या एका मुलाच्या आईने यावर त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो पुढचं विसरला.

दुपारपर्यंत सगळं नीट चाललं होतं. आणि खरं सांगायचं तर, स्टॉल अगदी साधा होता. लोक खोली पाहून ‘छोटी आहे बाप्पा’ म्हणत आणि पुढच्या ज्वालामुखीकडे जात.

दुपारचा प्रश्न

साठीच्या एक बाई नातवाला घेऊन आल्या होत्या. त्या खोलीत गेल्या, नातवाने बाहेरून दार लावलं, आणि दोन-तीन मिनिटांत त्या घाम पुसत बाहेर आल्या. खोक्याच्या आत खरंच कोंदट होतं. त्यांनी गटातल्या मुलीला विचारलं:

“अवं पोरी, इतक्या बंद डब्यात जीव नाई घाबरत का त्यायचा? हवा कुठून येते? अन् लाईट गेली तर?”

मुलगी माझ्याकडे पाहू लागली. मी काही बोललो नाही. तिला हवेचं पाठ होतं, पण तिला वाटलं होतं की तो विषय ‘तंत्रज्ञान’ या वेगळ्या तक्त्याचा आहे, घराचा नाही. बाईंचं मात्र साधं म्हणणं होतं की हवा नसेल तर घर कसलं? मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेलेला असताना रात्री दोनला लाईट जाते आणि कूलर थांबतो, तेव्हा अख्खं घर उठून अंगणात येतं. तो अनुभव असलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असणार. फक्त तिथे अंगण नाही.

त्या संध्याकाळी गट उशिरापर्यंत थांबला. छताजवळच्या जाळीकडे बोट दाखवून मी विचारलं, ही कशाला? मग पुस्तकं आणि मोबाइल उघडले गेले.

ती जाळी म्हणजे खोलीचा प्राण आहे. माणूस श्वास सोडतो त्यात कार्बन डायऑक्साइड असतो. इथे खाली सोडलेला श्वास उबदार असतो, म्हणून हलका होऊन वर जातो आणि त्याच्या जागी ताजी हवा येते. कक्षेत हे होत नाही. वारा नसेल तर झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्यानेच सोडलेल्या हवेचा गोळा साचत राहतो, आणि तोच पुन्हा पुन्हा श्वासात जातो. डोकं जड होतं, दुखतं, जीव गुदमरून जाग येते. म्हणून प्रत्येक खोलीत पंखा चालू असतो. स्थानकात पंख्यांची घरघर कधीच थांबत नाही. खोलीच्या भिंतींना आवाज शोषणारं अस्तर लावलेलं असतं ते याच घरघरीमुळे.

उदबत्ती

दुसऱ्या दिवशी हे दाखवायचं ठरलं. माळ्यावर बांधून ठेवलेल्या एका जुन्या कूलरचा छोटा पंखा मिळाला. तो जाळीमागे बसवला. काचेच्या छोट्या पेटीत पुठ्ठ्याचा माणूस, त्याच्या तोंडाशी उदबत्ती. पंखा बंद असेल तर धूर तोंडाशी साचेल, चालू केला की निघून जाईल, अशी कल्पना. पुठ्ठ्याच्या खोलीत उदबत्ती पेटवू द्यायला मी नकार दिला होता, म्हणून पेटी वेगळी.

पहिल्याच पाहुण्यापुढे पंखा बंद ठेवून उदबत्ती लावली. धूर सरळ वर गेला आणि पेटीच्या झाकणाखाली पसरला. पुठ्ठ्याच्या माणसाच्या तोंडाशी काहीच नाही. पाहुणे आठवीतला एक मुलगा आणि त्याचे काका. काका म्हणाले, “पंखा तं बंद हाये, मंग धूर काऊन गेला वर?”

मुलं गोंधळली. एकाने उदबत्ती उलटी धरली, धूर तरी वरच. दुसऱ्याने पेटी हलवून पाहिली. मग साईट सुपरवायझरांची ती मुलगी सावकाश म्हणाली, “काका, इथं वर आहे म्हणून गेला.”

माझ्या मते अख्ख्या प्रदर्शनातलं सगळ्यात चांगलं वाक्य हेच. तिने पुढे समजावलं ते असं. गरम हवा हलकी म्हणून वर जाते असं आपण म्हणतो. हलकी म्हणजे वजनाला हलकी. बाजूच्या थंड, जड हवेला पृथ्वी खाली ओढते आणि ती खाली सरकताना हलक्या हवेला वर ढकलते. स्थानकात सगळंच एकत्र पडतंय, थंड हवाही आणि गरम हवाही, त्यामुळे कोणी कोणाला ढकलत नाही. तिथे मेणबत्तीची ज्योतसुद्धा वर निमुळती होत नाही. ती गोल, निळसर आणि मंद जळते. अंतराळात ज्योतींवर प्रयोग झाले आहेत, त्यांत हेच दिसलं.

म्हणजे प्रयोग फसला आणि फसल्यामुळेच मुद्दा कळला. नागपुरात बसून कक्षेतली साचलेली हवा दाखवता येत नाही. पण इथे ती का साचत नाही ते दाखवता येतं. त्यानंतर मुलांनी मुद्दामच पंखा बंद ठेवून सुरुवात केली. पाहुण्याला आधी विचारायचं, धूर कुठे जाईल? तो ‘वर’ म्हणणार. मग विचारायचं, का? आणि तिथे ‘वर’ नसेल तर? पुढचं पाहुणा स्वतःच बोलू लागतो. आठवीतला तो मुलगा नंतर मित्रांना घेऊन आला आणि गटाच्या आधी त्यानेच सगळं सांगून टाकलं.

तक्ता उलटला

आता दुसरा प्रश्न राहिला: लाईट गेली तर? याचं उत्तर शोधताना मुलांना जे सापडलं त्याने ती हरखून गेली. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ताशी २८,००० किलोमीटर वेगाने जातं. दीड तासात पृथ्वीची एक फेरी, दिवसाला साधारण सोळा. प्रत्येक फेरीत अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ ते पृथ्वीच्या सावलीत असतं, तेव्हा सौर पंखांतून वीज येत नाही. म्हणजे लाईट रोज सोळा वेळा जाते! तेवढा वेळ बॅटरीवर काढायचा. ‘भारनियमन’ हा शब्द एका मुलाने तक्त्यावर लिहिला आणि खाली वेळापत्रकही काढलं. ते वाचून पालकांच्या पिढीला जे हसू आलं ते मुलांना कळलं नाही.

इथून पुढे तक्त्याची मांडणीच बदलली. आधी खोल्या मोठ्या आणि यंत्रं कोपऱ्यात होती. आता मधोमध प्रश्न आला: काय थांबलं तर इथे राहता येणार नाही? सगळं इथे देत नाही. दोन गोष्टींवर लोक खरंच थबकले, त्या सांगतो.

पहिली पाण्याची. एका माणसाला पिण्याला, स्वयंपाकाला आणि स्वच्छतेला मिळून दिवसाला पावणेचार लिटरच्या आसपास पाणी लागतं. खालून पाणी नेणं फार महागात पडतं. त्यामुळे घाम, श्वासातली वाफ आणि लघवी, सगळं गोळा करून शुद्ध करतात आणि पुन्हा पितात. २०२३ मध्ये हे प्रमाण ९८ टक्क्यांपर्यंत पोहोचल्याचं नासाने जाहीर केलं. पाण्याचाच काही भाग विजेने फोडून ऑक्सिजन करतात. उरलेला हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडशी जोडून पुन्हा थोडं पाणी मिळवण्याची सोयही तिथे केलेली आहे. लोक नाक मुरडतात, पण लघवीची गोष्ट ऐकायला सगळे थांबतात हा माझा अनुभव.

त्यात २०२४ची हकीकत सांगितली की कोणी हलत नाही. त्या वर्षी मेच्या अखेरीस स्थानकावर लघवी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा पंप बंद पडला. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर काही दिवसांतच स्टारलाइनर यानाने निघणार होते. सुमारे ७० किलोचा नवा पंप त्यांच्या यानात चढवावा लागला, आणि जागा व वजन जुळवायला दोघांच्या कपड्यांच्या बॅगा खाली उतरवल्या गेल्या. तिथे आधीपासून ठेवलेल्या जादा कपड्यांवर भागवायचं असं ठरलं, कारण मुक्काम आठवड्याभराचाच होता. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. यानात बिघाड निघाले, ५ जूनला गेलेली ही माणसं पुढच्या वर्षी १८ मार्चला दुसऱ्या यानाने परतली. २८६ दिवस. माणसाचे कपडे मागे राहिले तरी चाललं, पंप मागे राहून चालणार नव्हतं. त्या घरात कशाला किती किंमत आहे हे यावरून जसं कळतं तसं कुठल्याच आकृतीवरून कळत नाही.

दुसरी गोष्ट भिंतीची. आत समुद्रसपाटीइतका हवेचा दाब, बाहेर पोकळी. २०१८च्या ऑगस्टमध्ये खालच्या नियंत्रण कक्षाला दिसलं की दाब हळूहळू कमी होतो आहे. गळती इतकी मंद होती की वरच्या माणसांना रात्री उठवलं नाही, सकाळी सांगितलं. शोधाशोध झाली आणि जोडलेल्या सोयूझ यानाच्या भिंतीत सुमारे दोन मिलिमीटरचं भोक सापडलं. जर्मनीचे अलेक्झांडर गेर्स्ट यांनी ते आधी बोटाने दाबून धरलं. मग चिकटपट्टी, मग गॉजचा तुकडा आणि इपॉक्सी. काम भागलं. डिसेंबरमध्ये ओलेग कोनोनेंको आणि सर्गेई प्रोकोप्येव यांनी बाहेर जाऊन यानावरचं आवरण कापून तीच जागा उलट बाजूने तपासली. यानाचा तो भाग परतताना जळून जाणार होता, त्यामुळे पुरावा मिळवायची तेवढीच संधी होती.

याहून भारी किस्सा २०२०चा. झ्वेझ्दा भागातून हवा झिरपत होती, पण कुठून ते सापडेना. रशियन अंतराळवीरांनी चहाची पुडी फोडून चहाची पत्ती हवेत सोडली, त्या कप्प्याचं दार लावलं आणि कॅमेऱ्याने पाहत बसले. पत्ती हळूहळू एका जागेकडे सरकत गेली, तिथे बारीक चीर होती. मुलांनी तक्त्यावर खरी चहाची पुडी चिकटवली आणि शेजारी फक्त ‘गळती शोधण्याचं यंत्र’ असं लिहिलं. सगळ्यात जास्त फोटो त्या पुडीचे निघाले.

बाकीचं झटपट उरकलं. रोज दोनेक तास व्यायाम, नाहीतर हाडं आणि स्नायू झिजतात. पावाचा चुरा तरंगून यंत्रांत जाईल म्हणून पावाऐवजी पोळीसारखा टॉर्टिया, हे ऐकून लोकांना विजय मिळाल्यासारखं वाटलं. पृथ्वी पाहायला सात काचांचा कपोला. घड्याळ ग्रीनिच वेळेचं. ते सकाळी सहाला उठतात तेव्हा नागपुरात साडेअकरा वाजलेले असतात आणि आमच्या प्रदर्शनाची गर्दी नुकती जमलेली असते.

काय साधलं, काय राहिलं

परीक्षकांच्या कागदावर ‘चालती प्रतिकृती’ आणि ‘नावीन्य’ असे रकाने होते. त्यांनी खोलीत डोकावून विचारलं, यात तुमचं इनोव्हेशन काय? मुलं म्हणाली, प्रश्न. गुण बेताचे मिळाले, गट पुढच्या फेरीला गेला नाही. एलईडी लावले असते तर गेला असता असं मुलांचं ठाम मत आहे आणि ते चूक आहे असं मला म्हणवत नाही.

नंतर वर्गात पुन्हा तीच चित्रं काढून घेतली. रॉकेट जवळपास गायब झालं होतं. नळकांडी आली, हवेचे बाण आले, एका मुलाने तर माणसापेक्षा पंखा मोठा काढला. घर म्हणजे काय चालू ठेवावं लागतं, ही बाजू पोहोचली असं मी यावरून मानतो.

दुसरी बाजू पोहोचली नाही. ‘माणसं का तरंगतात?’ याला अजूनही बहुतेकांचं उत्तर ‘तिथे गुरुत्वाकर्षण नाही’ असंच होतं. उदबत्तीशी दिवसभर उभे असलेले दोघेही तेच म्हणाले! ४०० किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के असतं. स्थानक आणि आतली माणसं सतत एकत्र पडत असतात, पण पुढे जाण्याचा वेग इतका असतो की जमीन खालून वळत जाते आणि ती आदळत नाहीत. हे वाक्य पाठ होतं, पटत नाही. खोक्याच्या स्थिर खोलीत उभं राहून पडणं कसं कळणार? आमच्या मांडणीतली ही उणीव खरी आहे, आणि ती आणखी तक्ते लावून भरणार नाही. दहावीच्या पुस्तकात पहिला धडा गुरुत्वाकर्षणाचा आणि पहिल्या भागाचा शेवटचा अवकाश मोहिमांचा. मधल्या आठ धड्यांत मुलं दोन्हींमधला धागा हरवून बसतात, म्हणून नववीतच तो हाती दिलेला बरा.

पुढच्या गटाशी बोलणं झालं आहे. खोली तशीच वापरायची, पण सुरुवात दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून करायची. प्लास्टिकच्या बाटलीला खाली भोक पाडायचं, पाणी भरायचं, झाकण उघडं ठेवायचं. हातात धरली की भोकातून धार लागते. सोडून दिली की पडत असेपर्यंत धार थांबते, कारण बाटली आणि पाणी एकाच वेगाने खाली येतात, पाण्याला बाटलीतून वेगळं बाहेर पडायचं कारणच उरत नाही. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये ते स्वच्छ दिसतं. त्यानंतर उदबत्ती आणि मग खोली, असा क्रम.

गटाला आणखी एक वाद मिटवायचा आहे. खोली कुठल्या स्थानकाची म्हणायची? आंतरराष्ट्रीय स्थानकात २ नोव्हेंबर २००० पासून माणसं सलग राहत आली आहेत, पण २०३०च्या सुमारास ते समुद्रात उतरवायचा बेत आहे. चीनच्या थ्येनकुंगमध्ये तिघेजण कायम असतात. भारताच्या स्थानकाचा पहिला भाग २०२८ मध्ये आणि पूर्ण स्थानक २०३५ पर्यंत, असं सरकारने जाहीर केलं आहे. मुलांनी आपापली २०३५ मधली वयं काढून झाली आहेत, त्यामुळे मत कुठे पडणार हे उघड आहे. माझी अट एवढीच की पंखा, पाणी आणि भिंत हे तिन्ही तक्ते जसेच्या तसे राहतील. शाळेच्या शिपाईकाकांची अट वेगळी आहे: बाटल्या मागच्या अंगणात टाकायच्या, पोर्चमध्ये नाही, “नाहीतर पुसायले मलेच लागते.”